रस्ता खचलेला आढळून आला नाही

चन्नप्पाबद्दल आता आमच्या गल्लीत कुणी बरं बोलत नाही. त्याचं नाव निघालं की मोबाइल निघतो, आणि मोबाइलवर तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ. रस्त्याला भगदाड पडलंय, लोक ओरडत भगदाडाकडे धावतायत, आणि चन्नप्पा एकटा उलट्या दिशेला पळतोय. एवढं बघून ज्यांना सगळं समजलं त्यांच्याशी मी भांडत नाही. एरवी भांडायला मागेपुढे पाहणारी बाई मी नव्हे, पण या बाबतीत मला तोंड राहिलेलं नाही. ते का, हे सांगायला बसले आहे.

माझं नाव विजयमाला. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, आणि सोलापूर स्टेशनच्या मागे गोदाम गल्लीत होते तिथेच राहिले. भाचे म्हणतात, जुळे सोलापुरात फ्लॅट घे, इथे काय ठेवलंय? इथे मला सगळे बाई म्हणतात, हे ठेवलंय. रेशनकार्डावर नाव चुकलं, विजेचं मीटर जोरात पळायला लागलं, नळाला घाण पाणी आलं, की लोक कोरा कागद घेऊन माझ्या दारात येतात. माझा एकही अर्ज आजवर भाषेच्या चुकीसाठी परत आलेला नाही. हे मी लोकांना सांगत असे, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगत असे.

ज्यांच्या गावात नळ रोज वाहतो त्यांना चावीवाला म्हणजे काय ते सांगावं लागेल. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते आपल्या पायांनी येत नाही. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलून, छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवावा लागतो. तो फिरवणारा तो चावीवाला. आमच्या भागाचा चावीवाला बावीस वर्षं चन्नप्पा होता. गल्लीतल्या बायका आमदाराचं नाव विसरतील, चन्नप्पाचं विसरायच्या नाहीत. कुणाकडे लग्न असलं की त्याला आधी पत्रिका जायची, कारण त्या दिवशी पाणी अर्धा तास जास्त सोडणं त्याच्या हातात होतं.

तो अक्कलकोटच्या पलीकडचा. घरची भाषा कानडी, शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी सोलापुरात आला आणि पाणीखात्यात रोजंदारीवर चर खणायला लागला. तिथे धोंडीराम नावाचा एक म्हातारा चावीवाला होता, त्याने याला हाताखाली घेतलं आणि ऐकायला शिकवलं. ऐकायला म्हणजे खरोखरच ऐकायला. एक लांब सळई असते. तिचं एक टोक रस्त्यावर किंवा पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला लावायचं आणि श्वास रोखून उभं राहायचं. खाली कुठे पाणी गळत असेल तर ते सळईतून कळतं. चन्नप्पाला ते इतकं कळायचं की रस्ता फोडायच्या आधी तो खडूने खूण करायचा आणि खोदणारे त्याच खुणेवर खोदायचे. चौदा वर्षांनी तो नोकरीत कायम झाला. कुंभारीला दोन खोल्यांचं घर मिळालं. बायको सुकन्या विड्या वळायची, हा सकाळी कपाळाला विभूती लावून मोपेडवर निघायचा, चावी मागे आडवी बांधलेली. मूल झालं नाही. त्याबद्दल तो एकदाच बोलला होता, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

बोलणं कमीच होतं त्याचं. माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, आणि मधेच म्हणायचा, "बाई, मोरीतल्या नळाचं वायसर गेलंय." मी आत जाऊन बघायची, तर गेलेलं असायचं. त्याला कशावरही बोटाने वाजवून बघायची सवय होती. उन्हाळ्यात कलिंगडाची गाडी आली की बायका त्याला हाक मारायच्या. तो वाजवून देईल तेच घ्यायच्या, आणि गाडीवाला त्याच्या नावाने बोटं मोडायचा.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी तो आला आणि चहाला नको म्हणाला. स्टेशनच्या मागच्या गेटाबाहेर, भिंतीलगत, एक मोठा कडुनिंब आहे. तिथला रस्ता आतून बरा नाही, म्हणाला. आपली लाइन तिथे गळतेय आणि गळलेलं पाणी वर येत नाहीये. खाली मालधक्क्याच्या काळातला विटांचा जुना नाला असावा, त्यात माती वाहून जातेय. तोंडी सांगून साहेब ऐकत नाहीत, लेखी द्या म्हणतात. तेव्हा लेखी पाहिजे.

मी वही-पेन घेतलं. काय लिहू म्हणून विचारलं. तो म्हणाला, "टोळ्ळु हाय खाली, असं लिवा."

मी हसले. अर्जात कानडी कसं चालेल, म्हटलं. त्याने मराठी शब्द शोधला, तो त्याला पटकन सापडेना, मग म्हणाला की चला दाखवतो. ऊन कडक होतं, पण गेले. तिथे महबूबची रिक्षा उभी होती. महबूब गल्लीतलाच, माझ्यापासून चार दारं सोडून राहणारा. स्टेशन ते नवी पेठ अशा त्याच्या दिवसभर फेऱ्या चालायच्या, आणि मधल्या वेळात तो या कडुनिंबाखाली विसावायचा, कारण त्या अख्ख्या रस्त्यावर तेवढीच सावली. चन्नप्पाने त्याला रिक्षा पुढे घ्यायला लावली. महबूब म्हणाला, क्या चन्नप्पा, जमीन के नीचे खजाना मिला क्या? आणि हसत हसत पुढे घेतली.

चन्नप्पाने चावीचा दांडा रस्त्यावर आपटला. ठक्. चार पावलं सरकून पुन्हा आपटला. ठक्. मग कडुनिंबाच्या सावलीत येऊन आपटला, तर आवाज डब्ब असा आला, रिकाम्या पिंपावर हात मारल्यासारखा. डांबर वरून अगदी सपाट होतं, एक भेगसुद्धा नव्हती. त्याने माझ्या हातात चावी दिली आणि मलाही आपटून बघायला लावलं. मी आपटली. पायाखालून तो आवाज गेला तेव्हा मी नकळत मागे सरकले, हे मला चांगलं आठवतं. कळलं का, असं त्याने विचारलं. मी मान हलवली.

घरी येऊन अर्ज लिहिला. "स्टेशनच्या मागील प्रवेशद्वाराबाहेरील रस्ता खचला आहे. तरी त्वरित पाहणी करून दुरुस्ती व्हावी." त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "खचल्यालं न्हाय बाई अजून. खाली पोकळ हाय नुसतं." म्हणजे मराठी शब्दही त्याला तोवर सापडला होता.

मी म्हटलं, अरे, तोच अर्थ होतो.

तोच अर्थ होत नाही. चौतीस वर्षं मुलांना शब्दांच्या छटा शिकवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण रस्ता पोकळ वाजतो असं लिहिलं तर ऑफिसात हसतील, असं मला वाटलं. वाजतो म्हणजे काय, रस्ता आहे का संबळ? तक्रारीच्या छापील कागदावर खड्डा पडणे, रस्ता खचणे, गटार तुंबणे असे प्रकार दिलेले होते, त्यांत पोकळ कुठेच नव्हतं. खचणे हा शुद्ध, कार्यालयीन शब्द. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जाला कुणी हसू नये, एवढीच माझी काळजी होती. चन्नप्पाने माझ्या मराठीपुढे मान तुकवली आणि अक्षर अक्षर लावत खाली सही केली.

आठ दिवसांनी झोन ऑफिसातून एक तरुण साहेब आले. मी ओट्यावरून बघत होते. ते अर्ज हातात धरून कडुनिंबाखाली उभे राहिले, त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं. चन्नप्पा चावी आपटून दाखवायला पुढे झाला, तर त्यांनी हाताने थांबवलं. अर्जात जे नाही ते मी का तपासू, असं ते म्हणाल्याचं चन्नप्पाने मला नंतर सांगितलं. पाच मिनिटांत गाडीत बसून गेले. मग कागद आला: "तक्रारीत नमूद ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता रस्ता खचलेला आढळून आला नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." आणि चन्नप्पाला वेगळा मेमो मिळाला की खात्यातल्या कर्मचाऱ्याने असत्य तक्रारी करून कार्यालयाचा वेळ घेऊ नये.

मी खूप चिडले. साहेबांवर चिडले, खात्यावर चिडले, ओट्यावर उभी राहून आल्यागेल्याला ऐकवलं. दुसरा अर्ज मात्र लिहिला नाही. चन्नप्पाही म्हणाला, राहू द्या बाई, मेमो मिळालाय, आणखी एक मिळाला तर वेतनवाढ अडकवतील. खरं तर मला त्याच्या या बोलण्याने सुटल्यासारखं झालं. दुसरा अर्ज लिहायचा म्हणजे पहिला चुकला होता हे मान्य करणं आलं असतं.

मग त्याने त्याच्या हातात होतं ते केलं. आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बत्तीस फेरे लागतात. तो सोळाच फिरवायला लागला. पाण्याचा जोर कमी राहिला की गळती कमी, गळती कमी की माती कमी वाहते, असा त्याचा हिशोब. मला त्याने हे येऊन सांगितलं. त्याखेरीज कडुनिंबाखाली त्याने दोन दगड मांडून ठेवले आणि दोरी बांधली. महबूब रोज दगड बाजूला करायचा आणि रिक्षा लावायचा. उन्हात भाजून मरण्यापेक्षा सावलीत मेलेलं बरं, असं म्हणायचा. चन्नप्पा येऊन त्याला उठवायचा, तो उठायचा, चन्नप्पाची पाठ वळली की परत यायचा. दोघांचा तो रोजचा खेळ होऊन बसला होता, आणि गल्ली त्यावर हसायची. चन्नप्पाशी जमिनीखालचा देव बोलतो असं म्हणायची.

मार्च-एप्रिल असेच गेले. मे महिन्यात पाणी सहाव्या दिवसावर गेलं. सोलापूरचा मे महिना, रात्री भिंतींना हात लावला तर त्या गरम लागतात, आणि नळाला करंगळीएवढी धार. गल्लीच्या शेवटच्या घरांना तर घागरसुद्धा भरेना. बायका एकमेकींच्या अंगावर धावायला लागल्या. गुलबानो, म्हणजे महबूबची बायको, हातात रिकामी कळशी घेऊन माझ्या दारात आली. तिच्या मागे आणखी दहा-बाराजणी. चन्नप्पा मुद्दाम करतो, दुसऱ्या गल्लीवाल्यांनी त्याला फितवलंय, बाई, तुम्ही लिहा. मला कारण माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही असं नाही, सांगितलं, पण कसं सांगितलं? जमीन खराब आहे म्हणतो तो, असं. त्यावर एकीने विचारलं, साहेब येऊन बघून गेले ना, त्यांना तर काही दिसलं नाही. त्यांच्याकडे तो कागद होता, माझ्याच अर्जाला आलेला. आणि माझंही पिंप सहा दिवस कोरडं होतं. मीही त्याच गल्लीत राहते. मी लिहिलं.

चांगलं लिहिलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "संबंधित कर्मचारी हेतुपुरस्सर व्हॉल्व्ह अर्धवट उघडत असून नागरिकांना पाण्यापासून वंचित ठेवत आहे." खाली एक्केचाळीस सह्या, त्यांत महबूबची, त्यांत गुलबानोची. या अर्जाला आठ दिवस लागले नाहीत. तिसऱ्याच दिवशी चन्नप्पाला लेखी हुकूम आला की यापुढे व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, अन्यथा निलंबन. हेतुपुरस्सर हा माझा शब्द त्या हुकुमात जसाच्या तसा उतरला होता.

चन्नप्पा संध्याकाळी आला. ओट्यावर बसला नाही, खालीच उभा राहिला. साहेबांनी अर्ज दाखवला, म्हणाला. अक्षर तुमचं आहे ते ओळखलं. मी काहीतरी बोलायला लागले, पण तो रागावला नव्हता, त्याला वेगळंच काही विचारायचं होतं. परवा पूर्ण सोडायचंय, तेव्हा त्या तासात त्या रस्त्यावर कुणी जाऊ नये असा बोर्ड लिहून देता का, असं त्याने विचारलं. मी पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून दिला. तो त्याने कडुनिंबाला तारेने बांधला. वाऱ्याने म्हणा, कुणी काढला म्हणा, दुसऱ्या सकाळी तो तिथे नव्हता.

पाण्याचा दिवस गुरुवार होता, वेळ सकाळी दहा. चेंबर गल्लीच्या कोपऱ्यावर, कडुनिंबापासून दोनशे पावलांवर. चन्नप्पाने बत्तीस फेरे फिरवले. आमच्या नळांना दोन महिन्यांत पहिल्यांदा धो धो पाणी आलं, बायका हसत होत्या, मीही पिंपात नळी धरून उभी होते. चन्नप्पा चावी खांद्यावर टाकून कडुनिंबाकडे निघाला, तिथे उभं राहून रहदारी अडवायला. तेवढ्यात महबूब नवी पेठेतून एक भाडं घेऊन आला, प्रवासी गेटाशी उतरले, आणि त्याने रिक्षा सवयीने सावलीत घेतली. चन्नप्पाने लांबून हाक मारली. महबूबने हात वर केला, उठतो उठतो असा.

रस्ता फुटला नाही, फाटला नाही. तो खाली बसला. रिक्षा तोंडाकडून आत गेली, तिच्यामागे डांबराचा एक तुकडा गेला, आणि लाइन तुटून सगळ्या गल्लीचं पाणी त्या भगदाडात कोसळायला लागलं. चन्नप्पा वीस पावलांवर होता. त्याने एकदा आत पाहिलं आणि वळून पळत सुटला. तो चेंबरकडे पळाला. बत्तीस फेरे उघडलेला व्हॉल्व्ह बत्तीस फेरे फिरवल्याशिवाय बंद होत नाही, आणि तो कुठे आहे, चावी कुणाकडे आहे, हे त्या रस्त्यावर एकालाच माहीत होतं. व्हिडिओ त्याच्या पाठीवर संपतो. तो चेंबरवर वाकून चावी फिरवतोय, तोंडाने कानडीत आकडे मोजतोय, हातांची सालटी निघालीयेत, हे त्यात नाही. ते मी पाहिलं, कारण चेंबर माझ्या दारासमोर आहे.

पाणी थांबलं तेव्हा रिक्षाच्या टपावर हातभर पाणी होतं. महबूबला बाहेर काढायला अर्धा तास लागला. गुलबानो काठावर बसून होती. तिच्या साडीचा ओचा अजून ओला होता, घरचं पाणी भरत होती तेव्हाचा.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. स्टेशनच्या आसपास पाय ठेवायला लोक घाबरायला लागले. मागच्या गेटाने कुणी येईना, रिक्षावाले त्या बाजूचं भाडं घेईनात, म्हातारी माणसं काठीने रस्ता ठोकत चालायला लागली. मोर्चा निघाला, सभा झाली. एक लहान ढकलगाडी आणली, तिला जमिनीखालचं दिसतं म्हणे, आणि तिला आणखी दोन ठिकाणी सापडलं. वर्तमानपत्रांनी मथळ्यात छापलं, स्टेशन परिसरात भूगर्भात पोकळी. तीन महिन्यांपूर्वी तो शब्द माझ्या कागदावर चालत नव्हता.

गुलबानो चाळीसाव्या दिवसानंतर माझ्याकडे आली, सरकारी मदतीचा अर्ज लिहून घ्यायला. मृत्यूचं कारण या रकान्यात मी लिहिलं, रस्ता खचल्यामुळे. लिहिताना हात थांबला, पण शब्द आता बरोबर होता. उठताना ती म्हणाली, "बाई, उसको मालूम था. त्याला ठाऊक होतं, तरी सोडलं पाणी. उसपर भी एक लिखो." मी म्हटलं, बघू.

चन्नप्पाला निलंबित केलं. चौकशीची नोटीस आली, आणि ती घेऊन तो माझ्याकडे आला. दुसरं कुणाकडे जाणार? नोटिशीत तीन मुद्दे होते. एक, पूर्ण दाबाने पाणी सोडल्यावर जागेवर हजर राहिला नाही. दोन, दुर्घटना घडताच पलायन केले. तिसरा मुद्दा मी दोनदा वाचला. रस्त्याखाली पोकळी असल्याचे ठाऊक होते असे कर्मचारी म्हणतो, परंतु त्याने तसे लेखी कधीही कळवलेले नाही. त्याच्या एकमेव तक्रारीत फक्त रस्ता खचल्याचा उल्लेख असून ती असत्य आढळली होती.

तो ओट्यावर बसला होता. दोन महिन्यांत निम्मा झाला होता. तळव्यांवर नवी, गुलाबी कातडी आली होती. सुकन्या जास्तीच्या विड्या वळते, आपण घरी बसून पानं कापतो, असं सांगत होता. पहिल्या दोन मुद्द्यांचं उत्तर मी भराभर लिहिलं. तिसऱ्याला आल्यावर मला एक वाट सुचली. मला ती मोठ्या मनाची वाटली, हे कबूल करते. म्हटलं, "चन्नप्पा, दोष मी माझ्यावर घेते. तू कानडी शब्द बोललास, तो मला कळला नाही, म्हणून अर्जात चुकीचा शब्द पडला, असं लिहिते. म्हणजे तू सुटशील."

त्याने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं सरळ बघितल्याचं मला आठवत नाही.

"कळलं हुतं की, बाई," तो म्हणाला. "तुमी सोता वाजवून बघितला. मागं सरला तुमी."

मला रडू आलं, ते मी आत जाऊन आवरलं, कारण त्याच्यापुढे रडायचा मला काही अधिकार नव्हता. बाहेर आले, जुना कागद फाडला, आणि नवा घेतला. माझ्या नावाने लिहिला. चन्नप्पा यांनी फेब्रुवारीमध्ये मला त्या जागी नेऊन रस्ता आतून पोकळ असल्याचे ठोकून दाखवले. मला ते पूर्णपणे समजले होते. अर्जात पोकळ लिहा असे त्यांनी सांगूनही मी खचला असे लिहिले. मे महिन्यातील तक्रार, ज्यावरून त्यांना पूर्ण पाणी सोडण्यास भाग पाडले गेले, तीही मीच लिहिली, आणि ते पाणी कमी का सोडतात हे मला ठाऊक होते. खाली सही.

त्याला वाचून दाखवला. त्याने पुन्हा एकदा वाचायला सांगितला, आणि डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकला.

"ह्याच्यानं नोकरी ऱ्हाईल?"

मी म्हटलं, ठाऊक नाही. खात्याबाहेरच्या बाईचा कागद चौकशीत धरतात की नाही, तेही ठाऊक नाही.

तो उठला. पायरी उतरून खाली गेला आणि तिथून म्हणाला, "हापिसात द्या. आनि महबूबच्या बायकूला बी वाचून दावा. तिला वाटतंय, म्याच केलं."

ऑफिसात मी तो दुसऱ्याच दिवशी दिला. पोच घेतली, शिक्का मारून घेतला, दोन प्रती काढून आणल्या. गुलबानोचं घर माझ्यापासून चार दारांवर आहे. रोज सकाळी मी एक प्रत हातात घेऊन निघते, तिच्या दारापर्यंत जाते, आणि भाजी आणायला पुढे निघून जाते.